उजव्या हृदयाचा झटका : पहिल्या तासांचे मोल

हृदयविकाराच्या झटक्याचे नाव निघाले की छातीची डावी बाजू, डाव्या हातात जाणारी कळ आणि जिभेखाली ठेवावयाची गोळी असे एक चित्र सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. हृदयाला उजवी बाजूही आहे आणि काही रुग्णांत झटक्याचा घाव त्या बाजूवर बसतो. अशा रुग्णाची लक्षणे काहीशी निराळी असतात. त्याच्यावरील उपचार एक-दोन बाबतींत नेहमीच्या उपचारांच्या उलट असतात. रुग्णालयातील पहिल्या काही दिवसांत त्याच्या जिवाला असलेला धोकाही अधिक असतो. मात्र या दिवसांतून रुग्ण पार पडला तर त्याच्या हृदयाची उजवी बाजू बहुधा पुन्हा चांगले काम करू लागते. म्हणूनच या रुग्णाच्या बाबतीत पहिल्या काही तासांना विशेष मोल आहे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे, ती अंतराची. पुणे शहर बारामतीपासून सुमारे १०० किलोमीटरवर, तर इंदापूरपासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. नीरा व भीमा या नद्यांच्या मधल्या वाड्या-वस्त्यांवर राहणाऱ्या शेतकऱ्याला आधी गाडीरस्त्यापर्यंत यावयाचे, मग तालुक्याच्या रुग्णालयात आणि त्यानंतर गरज पडल्यास मोठ्या शहरात जावयाचे असते. या प्रवासात कोणत्या टप्प्यावर काय केले जाते, यावर पुढचे बरेच काही ठरते.

दोन टप्प्यांचा उपसा

हृदयाचे कार्य समजून घेण्यासाठी या भागातील शेतकऱ्याला उपसा सिंचनाचा दाखला पुरेसा आहे. नदीवरून दोन टप्प्यांत पाणी उचलणाऱ्या योजनेत पहिला पंप पाणी मधल्या हौदात टाकतो आणि दुसरा पंप ते हौदातून उचलून दूरच्या, उंचावरील शेतापर्यंत पोचवितो. हृदयाचे उजवे निलय हा पहिला पंप होय. शरीरभरातून नीलांवाटे परत आलेले रक्त ते फुप्फुसांकडे ढकलते. फुप्फुसांत प्राणवायू घेतलेले रक्त डाव्या निलयात येते. डावे निलय हा दुसरा पंप असून तो हे रक्त सर्व शरीराला पुरवितो. फुप्फुसांतील दाब शरीरातील रक्तदाबाच्या मानाने फारच कमी असल्याने उजव्या निलयाची भिंत पातळ असते, तर डाव्याची जाड असते.

आता पहिल्या टप्प्याचा पंप बंद पडला अशी कल्पना करावी. दुसरा पंप धडधाकट असला तरी मधला हौद कोरडा पडत जातो आणि शेतात पाणी पोचत नाही. त्याच वेळी बंद पंपाच्या मागे पाणी तुंबते. उजव्या निलयाला झटका आला म्हणजे नेमके हेच घडते. डाव्या निलयाकडे पुरेसे रक्त येत नाही आणि रक्तदाब घसरतो. मागे रक्त तुंबल्याने मानेतील नीला फुगतात. फुप्फुसांत मात्र पाणी साचत नाही. कमी रक्तदाब, फुगलेल्या मानेच्या नीला आणि स्वच्छ फुप्फुसे ही तीन चिन्हे एकत्र दिसली तर उजव्या बाजूच्या झटक्याची शंका घ्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. मात्र ही तिन्ही चिन्हे प्रत्येक रुग्णात आढळतीलच असे नाही.

उजवे निलय सहसा एकटेच बाधित होत नाही. त्याला रक्त पुरविणारी उजवी हृद्‌रोहिणी दहांपैकी सुमारे आठ व्यक्तींत डाव्या निलयाच्या खालच्या भिंतीलाही रक्त देते. या रोहिणीत गुठळी अडकली की दोन्ही भागांना इजा पोचते. हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत उजवे निलयही कमी-अधिक प्रमाणात सापडते.

उशिरा मिळालेली ओळख

हा विकार पुष्कळ काळ दुर्लक्षित राहिला. १९४३ मध्ये अमेरिकेत आयझॅक स्टार व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. उजव्या निलयाला मोठी इजा करूनही नीलांतील दाब फारसा वाढत नाही, असे त्यांना आढळले. त्यामुळे उजवे निलय म्हणजे रक्त पुढे जाऊ देणारी एक साधी वाट आहे, अशी समजूत रूढ झाली. पुढे १९७४ मध्ये जे. एन. कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उजव्या निलयाच्या झटक्याची लक्षणे आणि त्यातील रक्तदाबाचे गणित पद्धतशीरपणे मांडले. तेव्हापासून या अवस्थेकडे स्वतंत्रपणे पाहिले जाऊ लागले. प्रयोगातील निरोगी कुत्रा आणि झटका आलेला माणूस यांत मोठा फरक आहे. माणसात बहुधा डाव्या निलयाचा काही भागही त्याच वेळी दुखावलेला असतो आणि हृदयाची गतीही बिघडलेली असते.

‘पित्त झाले’ हा घातक समज

खालच्या भिंतीच्या झटक्यात वेदना पुष्कळदा छातीपेक्षा पोटाच्या वरच्या भागात जाणवते. मळमळते, उलटी होते, दरदरून घाम सुटतो, नाडी मंद पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ही लक्षणे पाहून घरची मंडळी ‘पित्त झाले’, ‘जेवण बाधले’ असा निष्कर्ष काढतात. सोडा, ओवा किंवा आम्लपित्ताची गोळी देऊन रुग्णाला पडून राहण्यास सांगितले जाते आणि त्यात तास-दोन तास सहज निघून जातात. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात वेदना अस्पष्ट असू शकते, त्यामुळे हा गैरसमज अधिक पक्का होतो.

ऋतुमान व कामाचे स्वरूप यांचाही येथे विचार करावा लागतो. हा प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी ऊसतोडीचे काम सुरू असते, तेव्हा फडात राबणाऱ्या माणसाच्या शरीरातून घामावाटे पुष्कळ पाणी निघून जाते. आषाढी वारीच्या काळात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर व सराटी या मार्गाने पंढरपूरकडे जाते आणि तिच्याबरोबर हजारो वयोवृद्ध वारकरी कित्येक दिवस पायी चालतात. ज्याच्या शरीरात मुळातच पाणी कमी आहे, त्याला उजव्या बाजूचा झटका आला तर रक्तदाब अधिक वेगाने कोसळतो. उन्हाने घेरी आली असे समजून अशा माणसाला नुसते सावलीत बसवून ठेवणे धोक्याचे आहे. घेरीबरोबर छातीत वा पोटाच्या वरच्या भागात दाब, घाम आणि मळमळ असेल तर हृदयालेख काढलाच पाहिजे.

एक पट्टी उजवीकडे

हृदयालेख, म्हणजे नित्याच्या बोलण्यातील ईसीजी, हे निदानाचे प्रमुख साधन आहे. नेदरलंड्सचे शास्त्रज्ञ विलेम आइंथोव्हेन यांना या तंत्रासाठी १९२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. नेहमीच्या बारा रेषांच्या आलेखात छातीवरील संवेदक मुख्यतः डाव्या बाजूला लावतात. त्यामुळे डाव्या निलयाची माहिती चांगली मिळते, उजव्याची मात्र अपुरी राहते. यावरील उपाय अगदी सोपा आहे. डाव्या छातीवर चौथ्या क्रमांकाचा संवेदक जेथे लावतात, त्याचीच प्रतिमा असलेल्या उजव्या छातीवरील जागी, म्हणजे पाचव्या व सहाव्या फासळीच्या मधल्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून खाली येणाऱ्या रेषेवर तो लावावयाचा आणि आलेख पुन्हा काढावयाचा. या जोडणीला ‘व्ही ४ आर’ म्हणतात. तीत ‘एसटी’ हा भाग एक मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उचललेला दिसला तर उजवे निलय बाधित असण्याची दाट शक्यता असते.

यासाठी नवे यंत्र लागत नाही, खर्च वाढत नाही आणि एक-दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ जात नाही. मात्र हे काम लगेच व्हावे लागते. पुष्कळ रुग्णांत ही खूण सुमारे दहा-बारा तासांत नाहीशी होते. उशिरा काढलेला आलेख निर्दोष दिसला म्हणून उजवी बाजू सुरक्षित आहे, असे म्हणता येत नाही. छातीतील वेदनेचा रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत पहिला आलेख निघावा, हा आज सर्वमान्य दंडक आहे. त्या आलेखात खालच्या भिंतीचा झटका दिसताच उजव्या बाजूचा आलेखही काढावा, ही सवय प्रत्येक लहान-मोठ्या रुग्णालयात रुजणे अगत्याचे आहे.

तीच गोळी, निराळा परिणाम

सॉर्बिट्रेट या नावाने ओळखली जाणारी जिभेखालची गोळी नीला सैल करते आणि हृदयाकडे परत येणारे रक्त कमी करते. डाव्या निलयावर ताण असलेल्या रुग्णाला यामुळे आराम पडतो. उजवे निलय दुबळे झालेल्या रुग्णाची गोष्ट निराळी आहे. उपशाच्या दाखल्यात सांगावयाचे तर पहिला पंप बंद असताना पाणी पुढे सरकते ते केवळ मागच्या पातळीच्या जोरावर. ती पातळीच उतरवली तर उरलासुरला प्रवाहही थांबतो. अशा रुग्णाचा रक्तदाब एका गोळीने एकाएकी घसरू शकतो. लघवी वाढविणाऱ्या औषधांचा परिणामही याच दिशेने होतो. मॉर्फीनसारखे वेदनाशामकही फार जपून द्यावे लागते. या गोळीचा धोका नेमका किती, याविषयी अलीकडे तज्ज्ञांत मतभेद व्यक्त झाले आहेत. तथापि रक्तदाब कमी असलेल्या रुग्णाला ती देऊ नये, याविषयी मतभेद नाही. गावात रक्तदाब मोजल्याशिवाय, शेजाऱ्याच्या खिशातील गोळी काढून देण्याची प्रथा म्हणूनच सोडून दिली पाहिजे.

रुग्णालयात अशा रुग्णाची फुप्फुसे स्वच्छ असतील आणि रक्तदाब कमी असेल तर त्याला शिरेवाटे सलाईन देतात, म्हणजे मागची पातळी वाढवितात. मात्र येथेही तारतम्य लागते. सलाईन थोड्या थोड्या प्रमाणात द्यावे, दर वेळी फुप्फुसे तपासावी आणि रक्तदाब पाहावा, असा संकेत आहे. गरजेपेक्षा जास्त द्रव गेला तर उजवे निलय फुगते, दोन्ही निलयांमधील पडदा डावीकडे सरकतो, डाव्या निलयातील जागा कमी होते आणि रक्तदाब आणखी उतरतो. पुरेसे सलाईन देऊनही सुधारणा नसेल तर हृदयाला बळ देणारी व रक्तदाब सावरणारी औषधे सुरू करावी लागतात. उजवी हृद्‌रोहिणी बहुतेकांत हृदयातील विद्युत्‌संदेशाच्या मधल्या केंद्रालाही रक्त पुरविते. त्यामुळे या रुग्णांत नाडी अतिशय मंदावणे किंवा संदेश पूर्ण अडणे हे प्रकार घडतात. काहींना तात्पुरता पेसमेकर बसवावा लागतो. हा अडथळा बहुधा काही दिवसांत आपोआप दूर होतो.

आकडे काय सांगतात

या अवस्थेचे गांभीर्य दाखविणारा एक महत्त्वाचा अभ्यास १९९३ मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झाला. झेहेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खालच्या भिंतीचा झटका आलेल्या २०० रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी १०७ रुग्णांच्या उजव्या बाजूच्या आलेखात दोष होता. उजवी बाजू बाधित असलेल्यांपैकी ३१ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले, तर उजवी बाजू शाबूत असलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. गंभीर गुंतागुंत अनुक्रमे ६४ व २८ टक्के रुग्णांत आढळली. तो काळ आजच्याइतक्या प्रगत उपचारांचा नव्हता. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आज लावता येणार नाहीत, पण दोन गटांतील तफावत डोळ्यांआड करण्यासारखी नाही.

दुसरा अभ्यास आशा वाढविणारा आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतील बॉवर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी उजव्या निलयाचा झटका आलेल्या ५३ रुग्णांवर अँजिओप्लास्टी केल्यानंतर काय घडले, ते नोंदविले. ज्यांच्या उजव्या हृद्‌रोहिणीतील व तिच्या शाखांतील प्रवाह पूर्ण खुला झाला, त्यांच्यापैकी केवळ २ टक्के दगावले. ज्यांच्यात तो पूर्ण खुला झाला नाही, त्यांच्यापैकी ५८ टक्के दगावले. रुग्णांची संख्या लहान होती, तरी दिशा स्पष्ट आहे. रोहिणी वेळीच उघडली की उजवे निलय आश्चर्यकारक वेगाने सावरते.

यामागे शरीररचनेची कारणे आहेत. पातळ भिंतीच्या उजव्या निलयाला प्राणवायू कमी लागतो. हृदयाच्या आकुंचनात व प्रसरणात, दोन्ही वेळी त्याला रक्त मिळत राहते. डाव्या बाजूच्या रोहिण्यांकडूनही त्याला थोडीफार मदत होते. त्यामुळे पुष्कळदा त्याचे स्नायू कायमचे मृत न होता काही काळ निश्चेष्ट झालेले असतात. मात्र रक्तदाब कोसळून रुग्ण आघातावस्थेत गेला तर चित्र पालटते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीत उजव्या निलयामुळे आघातावस्थेत गेलेल्या रुग्णांपैकी ५३ टक्के रुग्णालयात दगावले. डाव्या निलयामुळे त्या अवस्थेत गेलेल्यांचे प्रमाण ६१ टक्के होते. ‘उजवी बाजू म्हणजे सौम्य झटका’ या समजाला येथे जागा उरत नाही.

अंतरावर मात

रोहिणी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग तातडीच्या अँजिओप्लास्टीचा आणि दुसरा गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनचा. निदानापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती श्रेयस्कर मानतात. तेवढ्यात ती होणार नसेल आणि रक्तस्रावाचा धोका वा अन्य अडसर नसेल, तर जेथे रुग्ण आहे तेथेच इंजेक्शन देऊन मग त्याला मोठ्या केंद्राकडे पाठवावे, असा आजचा संकेत आहे. इंदापूरहून पुण्याचे सुमारे १४० किलोमीटरचे अंतर आणि शहरातील वाहतूक पाहता या निर्णयाचे महत्त्व ध्यानात येते. आघातावस्थेतील रुग्णाला मात्र इंजेक्शनचा लाभ कमी होतो. त्याला अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या जवळच्या केंद्रात, रक्तदाब सावरत, शक्य तितक्या लवकर नेणे हाच मार्ग उरतो.

भारतातील विलंब किती मोठा आहे, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ पाहणीने दाखवून दिले. ५० शहरांतील ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रुग्णांच्या या पाहणीत निम्म्या रुग्णांना रुग्णालयात पोचण्यास सहा तास किंवा त्याहून अधिक लागले होते. गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के, तर श्रीमंतांपैकी ५.५ टक्के तीस दिवसांत दगावले. उपचारांतील फरक हिशेबात धरल्यावर ही तफावत राहिली नाही. याचा अर्थ असा की, गरिबाचे हृदय वेगळे नसते, त्याला मिळणारे उपचार वेगळे असतात. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांशी जोडून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २,४२० रुग्णांच्या या प्रयोगात एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रातही सार्वजनिक आरोग्य विभागाने ‘स्टेमी’ प्रकल्पाद्वारे काही जिल्ह्यांत असाच मार्ग अनुसरला. लहान रुग्णालयात काढलेला आलेख दूरच्या तज्ज्ञाने वाचावा आणि तेथील डॉक्टरला सल्ला द्यावा, ही त्यामागील कल्पना आहे.

या दोन तालुक्यांत सोयींचा पाया पूर्वीपेक्षा भक्कम झाला आहे. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, तसेच इंदापुरातही उपजिल्हा रुग्णालय आहे. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव त्यास देण्यात आले आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आणि अँजिओप्लास्टीचाही तीत समावेश आहे. खर्चाच्या धास्तीने रुग्णाला घरीच ठेवण्याचे कारण यामुळे पुष्कळ अंशी दूर झाले आहे.

गावाचे कर्तव्य

रुग्णालय कितीही सज्ज असले तरी पहिला तास गावाच्या हाती असतो. या तासात पुढील गोष्टी पाळल्यास अनेक जीव वाचतील.

छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, घाम, मळमळ व घेरी असल्यास ‘पित्त’ समजून थांबू नये. १०८ ला तात्काळ दूरध्वनी करावा. गाव, वस्ती, जवळची शाळा, देऊळ किंवा कारखाना अशी ठळक खूण सांगावी.

रुग्णाला चालवू नये, मोटारसायकलवर बसवून नेऊ नये. घेरी येत असेल व धाप नसेल तर आडवे निजवून पाय थोडे उंच करावेत. धाप असेल तर टेकून बसवावे.

जिभेखालची गोळी कोणीही मनाने देऊ नये. ॲस्पिरिनची गोळी चावून खाण्यास द्यावी की नाही, हे १०८ वरील डॉक्टरला विचारून ठरवावे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७,१८७ रुग्णांच्या अभ्यासात ॲस्पिरिनने मृत्यूंचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटविल्याचे सिद्ध झाले आहे. परंतु रक्तस्राव किंवा ॲलर्जी असलेल्या रुग्णाला ते वर्ज्य आहे.

रुग्ण बेशुद्ध झाला व श्वास थांबला तर छातीच्या मध्यभागी जोराने व जलद दाब देण्यास त्वरित प्रारंभ करावा. हे तंत्र गावात चार-दोन जणांना तरी अवगत असावे.

या कामी ग्रामपंचायतीला पुष्कळ करता येईल. वस्त्यांना जोडणारे पाणंद रस्ते रुग्णवाहिका जाईल इतके मोकळे ठेवणे, चौकात व शाळेच्या भिंतीवर १०८ क्रमांक ठळक लिहिणे, ग्रामसभेत वर्षातून एकदा या विषयावर वैद्यकीय अधिकाऱ्यांचे भाषण ठेवणे, यांस फारसा खर्च येत नाही. हृदयाची आकृती फळ्यावर काढताना शिक्षकांनी दोन्ही निलये सारख्याच महत्त्वाची असल्याचे सांगितले तर ती माहिती मुलांमार्फत घरोघरी पोचेल. तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांनी प्रत्येक रुग्णालयातील हृदयालेख यंत्र चालू आहे काय, कागद व संवेदक उपलब्ध आहेत काय, रात्रपाळीतील परिचारिकेला उजव्या बाजूचा आलेख काढता येतो काय, याची नियमित पाहणी करावी. तंबाखू व मिश्री सोडणे, रक्तदाब व मधुमेह वेळोवेळी तपासून घेणे हे प्रतिबंधक उपाय तर सर्वांनाच लागू आहेत.

उपसा योजनेचा पहिला पंप बंद पडला तर शेतकरी दुसऱ्या पंपावर हातोडा मारीत बसत नाही. दोष कोठे आहे ते आधी पाहतो आणि पीक वाळण्यापूर्वी दुरुस्ती करतो. हृदयाच्या बाबतीतही हीच जाण हवी. उजव्या छातीवर लावलेला एक संवेदक दोषाची जागा दाखवितो, गावाची तत्परता वेळ वाचविते आणि वेळीच उघडलेली रोहिणी माणसाला पुन्हा आपल्या शेतात उभे करते.